मोठ्या बाबांचा टायफाईड

करडी

ती. आत्याबाई यांस,
दामिनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे. पण या घरात कोण खुशाल आणि कोण नाही, याबद्दल तोंड उघडायची मला सध्या बंदी आहे, तेव्हा ते सोडून देते. तुमचं भंडाऱ्याचं घर बंदीच्या हद्दीबाहेर आहे, म्हणून बिनधास्त विचारते, तुमचे गुडघे कसे आहेत? मामाजींचा खोकला थांबला का? (उत्तर सविस्तर दिलं तरी चालेल. मी निदान करणार नाही.) एसटीडीवरून फोन केला असता, पण तिथे बोललेलं संध्याकाळपर्यंत आख्ख्या गावाला पाठ होतं. म्हणून हे पत्र प्रतीक्षाच्या हाती देते. ती रोज भंडाऱ्याला कॉलेजला जाते आणि दुसऱ्याची पाकिटं उघडत नाही.

मी मोठ्या बाबांना टायफाईड केला, असं तुमच्या कानावर आलंच असेल. आता माझी बाजू ऐका. मेडिकलच्या सीईटीला मी दोनदा बसले आणि दोनदा नंबर हुकला. भौतिक मला कधी आडवं आलं नाही, आडवा येतो तो रोगांचा धडा. कोणता जंतू कोणत्या रोगाचा, लक्षण काय, चाचणी कोणती, पेपर हातात आला की सगळ्याची खिचडी होते. म्हणून यंदा मी एक युक्ती काढली. एकेक रोग एकेका ओळखीच्या माणसाला देऊन टाकला. मोठ्या बाबांच्या हेमराजभाऊला गजकर्ण दिलं, कारण तो एकदा चिकटला की सुटत नाही. शेजारच्या धुरपताबाईंना सर्दी दिली, त्यांच्याजवळ जे असेल ते पाहता पाहता सगळ्या गावाला होतं. आईला न्युमोनिया, ती बोलायचं सगळं छातीत भरून ठेवते. आणि मोठ्या बाबांना टायफाईड, कारण त्यांचा पारा चढला की आठवडाभर उतरत नाही. यात काय खोटं आहे? तुम्ही त्यांची आणि बाबांची थोरली बहीण, तुम्हीच सांगा.

तर त्या सकाळी घरामागच्या सांदवाडीत फेऱ्या मारत मी पाठ करत होते. भैय्यालाल, टायफाईड, जंतू साल्मोनेला, फार वाढलं तर आतड्याला भोक, चाचणी विडाल. (मोठ्यांचं नाव घेतलं हा गुन्हा मला मान्य आहे. पण 'मोठे बाबा' म्हटलं की पाठांतराचा ताल जातो.) कुंपणापलीकडे धुरपताबाई भांडी घासत होत्या. भांडी तशीच टाकून त्या जे निघाल्या ते, "भैय्यालालभाऊच्या आतडीले भोक पडलं, अन् घरचे लपवून राहिले," असं दारोदार सांगतच फिरल्या.

मोठे बाबा तेव्हा शेतातल्या बांधीत उन्हाळी धानाच्या रोपांचा परा लावून घेत होते, चांगले ठणठणीत. घरी येऊन पाहतात तर ओसरीवर माणसंच माणसं. कोणी टोस्ट आणलेत, कोणी नारळ, परसरामदादा तर डोळे पुसतायत. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला एवढी माणसं आली की चांगला माणूसही खाटेवर पडतो. मोठे बाबा पडले. मी धावत जाऊन सगळं खरं सांगितलं, तर म्हणाले, "एवढी शिकलेली पोरगी, थे कायले खोटं सांगंल? आता माह्या जिवाले घोर लागू नये म्हणून लपवून राहिली." म्हणजे मी नकळत बोलले ते खरं, आणि समोर उभी राहून सांगितलं ते खोटं.

मग त्यांना तालुक्याच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांना मोठ्या बाबांनीच सांगितलं की विडाल करा. (पाठांतर माझं, पण पाठ त्यांनाही झालं होतं.) आणि आत्याबाई, ती चाचणी पॉझिटिव्ह आली! हा जंतू कधीकाळी अंगात येऊन गेला असेल तरी विडाल पुष्कळदा हो म्हणते, ताप असो नसो. मोठ्या बाबांना ताप नव्हता. पण रिपोर्ट हातात असताना ताप कोण विचारतो? सलाईन लागली. सलाईन लागली म्हणजे आपल्याकडे आजार सिद्ध झाला. घरी आल्यावरही हाताची पट्टी त्यांनी काढू दिली नाही, कोणी आलं की आधी ती दाखवायचे.

इथवर सगळे माझ्यावर खूश होते. धुरपताबाईंनी तर आपली जीभ मला दाखवून घेतली. बिघडलं ते बपेऱ्याहून. हेमराजभाऊची सोयरीक तिथे जुळत आली होती. मुलीकडच्यांनी निरोप धाडला की आधी होणाऱ्या इवायाची आतडी भरून येऊ द्या, मग पाहू. निरोप आला आणि त्याच क्षणी मोठे बाबा बरे झाले. उठून ओसरीवर बसले आणि माझा निवाडा झाला. मी सर्वांसमक्ष त्यांच्या पाया पडायचं, माफी मागायची आणि या घरात पुन्हा कोणत्याही रोगाचं नाव घेणार नाही असं कबूल करायचं. नाहीतर पुस्तकं माळ्यावर आणि परीक्षा बंद. बाबा मान खाली घालून बसले होते. मोठ्या भावापुढे ते तसेच बसतात.

मी नाही म्हटलं. का म्हणू नये? मी माझ्या घरात माझा धडा वाचत होते. कान धुरपताबाईंचे, सलाईन डॉक्टरांची, घाई मोठ्या बाबांची, आणि वाकायचं मी? रोगाचं नाव न घेता डॉक्टर कसं व्हायचं, हे मोठ्या बाबांनी मला एकदा करून दाखवावं. मला डॉक्टर व्हायचंच आहे आत्याबाई, आणि ते मी वाकून होणार नाही.

हे फक्त तुमच्या कानावर असावं म्हणून लिहिलं. मला काही नको. मामाजींना नमस्कार, घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांना एकेक चापट.

तुमची,
दामिनी (नंबर न लागलेली, पण न हटलेली)

ता. क. काही नको हे खरं नाही. तुमची मागची खोली परीक्षेपर्यंत मला द्या. मी भांडी घासीन, आणि पाठ करीन ते मनातल्या मनात.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करणार तेवढ्यात बाबा आले. म्हणाले, "बाई, माह्यासाठी वाक एकडाव." त्यांनी आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही. मी ओसरीवर गेले आणि मोठ्या बाबांच्या पाया पडले. माफी मागितली, रोगाचं नाव घेणार नाही हेही कबूल केलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाय, दे तुही परीक्षा." सगळं मिळालं. पण आत्याबाई, पाय धरताना माझा अंगठा त्यांच्या घोट्यावर दाबला गेला होता. हात काढला तर तिथे खळगा, आणि तो भरूनच येईना. पाय केवढे सुजलेत ते मी तेव्हा पाहिलं. मी गप्प बसले असते तर परीक्षा पक्की होती. मी सर्वांसमक्ष म्हटलं, "मोठे बाबा, पाय सुजले आहेत, आजच मोठ्या दवाखान्यात चला." पुढचं तुम्ही ओळखाल. पुस्तकं माळ्यावर गेली.

ता. क. तिसरा. हा कोणता रोग ते मला माहीत नाही. माझ्या धड्यात नाही. मला फार भीती वाटते आहे. खोलीचं राहू द्या. पुस्तकं मी शिडी लावून काढीन, पण मोठ्या बाबांना तुमच्याशिवाय कोणी हात धरून उठवू शकत नाही. पत्र मिळताच पहिल्या गाडीने या. मी काही म्हटलं असं सांगू नका, गुडघे दाखवायला सोबत हवी म्हणून त्यांना मोठ्या दवाखान्यात न्या.