उपरण्याच्या गाठीतला गूळ

रंभे,

मी उरणला जनीकडे चालले. पोरीचे दिवस भरलेत म्हणून जाते, रुसून नाय. कुणी विचारलं तर तसंच सांग.

काल संकष्टी. लग्न झाल्यापासून हे माझ्यासोबत चंद्र बघूनच जेवतात. तू सकाळी त्यांना साखरेची सुई टोचलीस आणि म्हणालीस, "मामंजी, लगेच खाऊन घ्या." तुझा हुकूम सुटला म्हणून आमचा उपास मोडायचा? मी नाय जेवू दिलं. दुपारी त्यांचे हात थरथरले, सदरा घामाने भिजला, मला ओळखेनात. मला वाटलं साखर चढली, म्हणून गुळाचा डबा पदराखाली धरून बसले. तो तू हिसकावलास, गूळपाणी पाजलंस. हे भानावर आले ते "रंभा" म्हणतच. समोर मी बसलेली.

साखर चढली की तहान लागते, सारखं मोरीकडे धावावं लागतं. सुई घेऊन उपाशी राहिलं की ती उतरते, मग असा घाम फुटतो. हे तू संध्याकाळी त्यांना समजावलंस. मी दाराआडून ऐकलं. मला कोण सांगणार? मी कोण?

सुई उकळून घे. सुईमागोमाग ताट वाढ. यापुढे दोघांचा उपास मी एकटी धरीन.

त्यांच्या उपरण्याच्या टोकाला गुळाचा खडा बांधलाय. मुंग्या लागल्या तर खडा बदल, गाठ माझ्यासारखीच मार. कुणी बांधला विचारलं तर माझं नाव सांग. तुझं नको.

सासू, ठमाबाई