दोन काचा आणि माझी पारख

ती. वहिनी,
धाकट्या दिराचा वाकून नमस्कार.

मायक्रोस्कोपात एकदा डोकावण्यासाठी अर्धा दिवस बाकावर काढला आणि वर मानही आखडली, पण वसूल झालं. आधी महत्त्वाचं. दादाचं ऑपरेशन नीट पार पडलं. शुद्धीवर येताच मला म्हणाला, "दाढी कर रे, आजारी तूच दिसतोयस."

लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी दोन काचा शेजारी ठेवल्या होत्या. एकीवर दादाच्या गाठीची पातळ चकती, दुसरीवर निरोगी मेंदूची. दोन्हींत केसाहून बारीक रक्तवाहिन्या. मी म्हटलं, "बाई, सांगू नका! जन्मभर नळ जोडलेत, निरोगी कोणती ते एका नजरेत ओळखतो." आणि बोट ठेवलं. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या!

गाठीतल्या वाहिन्या वेड्यावाकड्या, फुगलेल्या आणि गळक्या असतात म्हणे. त्या किती माजल्यात, यावरूनही गाठ कितपत वाईट ते ठरतं. रिपोर्ट सोमवारी आहे. काळजी नको. तुम्ही वेळेवर जेवता ना? सोमवारी मात्र थोरल्या लेकीला कामावर जाऊ देऊ नका, जवळ असू द्या.

तुमचा,
नळवाला भावजी

ता. क. तुमच्याशी खोटं बोलवत नाही. मी बोट ठेवलं त्या काचेवर वाहिन्यांची नुसती दाटी होती. मला वाटलं, इथे पुरवठा भरपूर आहे. ती दादाची गाठ होती.