डावा हात खिशात

आबा, काल तुमच्या नातीनं तिच्या कॉम्प्युटरचं झाकण काढलं आणि मला हाक मारली. गेम अडकत चालतात म्हणून तिला नवं ग्राफिक्स कार्ड घालायचं होतं. मी स्वयंपाकघरातून आले, आधी भिंतीवरची बटणं बघितली, मग पिन उपसली, ती पार पलंगावर नेऊन ठेवली, आणि एवढं करूनही माझा डावा हात आपोआप कुडत्याच्या खिशात गेला. पोरगी हसायला लागली. म्हणे, आई, पिन तर तूच काढलीस, आता कशाला घाबरतेस? आता हिला काय सांगू? मी भित्री, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे! लहानपणी टीव्हीचं मागचं झाकण निघालं की मी दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायची. काल तिला कार्ड बसवून दिलं.  आज दुपारी लिहायला बसले.

तुमचं आटपाडीचं दुकान अजून नीट दिसतं मला. पुढं रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, मागं आपलं घर, मधे फक्त एक पडदा. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातले तुम्ही, पलटणीत वायरलेसचं काम शिकून आलात आणि पेन्शन घेऊन गावात बसलात. गावाला तुमचा केवढा भरवसा! पार खरसुंडीकडनं लोक बैलगाडीत टीव्ही घालून आणायचे. दुकानात तुमचा नियम एकच. उघड्या यंत्रात हात घालायचा तर उजवा, डावा खिशात. "एका हातानं करंट आला तर निस्ता हात भाजंल," तुम्ही म्हणायचात, "दोन हातानं आला तर काळजातनं जाईल." मला शिकवायचं ठरवलंत तेव्हा अडचण आली ती ही की पंजाबी ड्रेसला खिसा कुठला? मग तुम्ही आईला सांगितलंत, आणि तिनं तुमच्या जुन्या खाकी पँटीचा खिसा उसवून माझ्या फुलाफुलांच्या कुडत्याला डाव्या बाजूला शिवला. कॉलेजात सगळ्या पोरी विचारायच्या, हे काय गं ठिगळ. मी सांगायची, फॅशन.

तेव्हा मी सांगलीला हॉस्टेलवर राहून कॉम्प्युटर शिकत होते. वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरी मोटारींच्या शर्यतीचा गेम बघितला आणि मी पार येडी झाले. बंद पडलेल्या एका क्लासचा जुना कॉम्प्युटर तुम्ही मला घेऊन दिलात तो अभ्यासाला, आणि मी त्यात पहिल्यांदा घातला तो गेम. चालायचा तो असा, की वळण येऊन जायचं आणि मोटार नंतर वळायची. त्यात मॉनिटर काळा-पांढरा, त्यामुळं माझी मोटार कुठली आणि दुसऱ्याची कुठली तेच कळायचं नाही. सुट्टीत घरी आले ते नव्या प्रोसेसरचा हट्ट घेऊनच. तुम्ही शेजारी खुर्ची ओढून बसलात आणि अर्धा तास नुसतं बघत राहिलात. तुम्हाला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पुढची लाल बत्ती तुम्ही बघितलीत. "ही बत्ती सारखी जळतीया," तुम्ही म्हणालात, "म्हंजी त्याला आत जागा पुरंना, सारखं कोठारात पळतंय. पाट तुंबलाय खाली आन् तू पाण्याची मोटर बदलाय निघालीस व्हय?" आधी काय नडतंय ते बघायचं, मग तेवढंच बदलायचं. रॅम कमी पडत होती, आबा, म्हणून तो सारखा हार्ड डिस्ककडं धावत होता. ते तुम्ही नुसत्या बत्तीवरून ओळखलंत. आजही कामावर मी हेच करते, फक्त बत्तीकडे बघायला माझ्याकडे अर्धा तास नसतो.

पण रॅम पुढच्या वेळी, आधी रंग, असं माझ्या मनानं घेतलं. सांगलीत एका दुकानात बंद पडलेला रंगीत मॉनिटर भंगाराच्या भावात मिळत होता. आपण दोघं गेलो, आणला. येताना एसटीत तो माझ्या मांडीवर, गोधडीत गुंडाळलेला. कवठे महांकाळपर्यंत रस्ता असा, की प्रत्येक खड्ड्याला मी तो दोन्ही हातांनी वर उचलून धरायची. तुम्ही मात्र वाटभर हसत होतात. म्हणालात, मेलेल्याला आणि काय हुतंय.

आता त्या दुपारचं लिहायचं. 

दुकानात भिंतीला एकच बोर्ड होता. त्याच्यावर कायम रेडिओ लावलेला असायचा. पिन मोडलेली, म्हणून वायरी सॉकेटात आगपेटीच्या काड्यांनी खोचायची तुमची पद्धत. ते तुमचं एकच वाईट काम, आई नेहमी ओरडायची. लाईट गेली की रेडिओचं बटण चालूच ठेवायचं, हा आपल्या घरचा रिवाज. लाईट आली की रेडिओ बोलायचा, आणि आई हातातलं टाकून बोअरची मोटर चालू करायला पळायची. लाईट किती वेळ राहील भरवसा नाही, तेवढ्यात टाकी भरली तर भरली. त्या उन्हाळ्यात तर रेडिओ बोलण्याकडेच सगळ्यांचे कान.

त्या दिवशी तुम्ही रेडिओ काढून तिथं मॉनिटर आणि कॉम्प्युटर लावला होता. मॉनिटर उघडा. सोल्डरिंगचा सुटलेला एक डाग तुम्ही नुकताच नीट केला होता, आणि तेवढ्यात लाईट गेली. तुम्ही बटण बंद केलंत. मी बघितलं, आबा. तुम्ही बटण बंद केलंत, दोनदा बोट फिरवून खात्री केलीत, आणि चहा प्यायला आत गेलात. आई परसातून म्हणाली, बटण चालू ठेव गं, लाईट आल्याचं कळू दे. आणि माझा हात गेला. डोक्यात काही नव्हतं. रोज जातो तसा हात गेला, बटण खाली झालं, आणि मी बॅटरी घेऊन तुमची वाट बघत उभी राहिले. तुम्ही आलात. लाईटच नाही म्हणून त्या दिवशी डावा हात खिशात घातला नाहीत. आतली पट्टी जागेवर बसवायला दोन्ही हात लागत होते. मी बॅटरी धरली होती. तुम्ही म्हणालात, जरा खाली धर.

लाईट आली.

आवाज झाला तो तुमचा नव्हता, खुर्चीचा होता. तुम्ही मागं फेकले गेलात आणि कपाटाला टेकून बसल्यासारखे पडलात, डोळे उघडे. मला वाटलं, गेलात.  ‘आई गं’ म्हणत मी लगेच पुढं झाले आणि बटण बंद केलं आणि मग ओरडले, असंच मी सगळ्यांना सांगत आले. डॉक्टरांनी हाताला मलम लावलं, छातीचे ठोके तपासले, नशीब म्हणाले. आणि खाटेवर पडल्या पडल्या तुम्ही आईला म्हणालात, "मीच इसरलो. बटण बंद कराय इसरलो." मी पायाशी उभी होते. बटण चालू ठेव हे रोजचं वाक्य आपण त्या दिवशीही बोललो, हे आईच्या ध्यानातही नव्हतं. उद्या सांगू, असं मनाशी म्हटलं.

तो उद्या काही आला नाही. तुमचा हात पंधरा दिवसांत बरा झाला. दुकान उघडलंत. पहिलाच टीव्ही आला, झाकण काढलंत आणि त्याच्यासमोर बसून राहिलात. मी पडद्याआडून बघत होते. तुमचे दोन्ही हात खिशात होते, आबा. उजवाही.  बऱ्याच वेळानं तुम्ही झाकण परत लावलंत आणि गिऱ्हाइकाला सांगितलंत, आता वय झालं, ध्यानात ऱ्हात न्हाई, दुसरीकडं दावा. वय कसलं? पन्नासही नव्हतं. तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं. तुम्ही विसरला नव्हतात, तुम्ही बंद केलं होतं, एवढंच. पण जितके दिवस गेले तितकी भीती वाढत गेली. आधी मार खायची भीती, मग आई काय म्हणेल ही, आणि शेवटी नुसती तुमच्या तोंडाकडे बघायचीच भीती. दिवाळीच्या आत दुकान बंद झालं. तुम्ही सांगलीत एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिलात.

तिथंच मला रॅम दिलीत. दुपारची वेळ, मी हॉस्टेलवरून भेटायला आले होते. तुम्ही खाकी शर्टाच्या खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढलीत. जुन्या रॅमवरचा नंबर तुम्ही कागदावर उतरवून नेला होता, दुकानदारानं जोडीनंच लागतात म्हणून सांगितलं, तर दोन आणल्या. बत्ती आता कमी जळंल बघ, असं म्हणालात आणि हसलात. मला रडूच फुटलं. म्हटलं, आबा, मला काहीतरी सांगायचंय. तुम्ही बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलीत. मग हळूच म्हणालात, "बरं झालं त्या दिशी माज्या हातनं झालं. तुज्या हातनं झालं आसतं तर तू परत कवाच यंत्राला हात लावला नसतास. जा, तास बुडंल."

मी गेले. तास होता खरंच.

तुम्हाला ठाऊक होतं का, आबा? बटण बंद करून दोनदा बोट फिरवणारा माणूस ते विसरतो का? ठाऊक असेल तर तुम्ही माझ्यासाठी दुकान सोडलंत. नसेल तर शेवटपर्यंत स्वतःला विसरभोळा समजत गेलात. यातलं कुठलं बरं ते मला अजून ठरवता येत नाही. शिंपी दर वेळी विचारतो, ताई, डाव्या बाजूला खिसा कशाला, मोबाईलला का? मी हो म्हणते. लाईट गेली की घरातली सगळी बटणं बंद करत फिरते. लाईट आलेली आम्हाला शेजाऱ्यांकडून कळते.

हे सगळं तुम्हाला ठाऊक असेलही. एक मात्र नसणार, कारण तुम्ही तेव्हा जमिनीवर होतात आणि मॉनिटरची पाठ तुमच्याकडे होती. मी लगेच बटण बंद केलं नाही. तुम्ही पडलात आणि दोन-तीन सेकंदांत पडदा उजळला, वरच्या कोपऱ्यात, कॉम्प्युटर सुरू होताना येतं ते, हिरवं-पिवळं एक चिन्ह आलं. तुमचा डाग बरोबर बसला होता, आबा. मी आधी ते रंग बघितले, आणि मला आनंद झाला. मग तुमच्याकडे वळले.