मामीच्या गुडघ्यांच्या गोळ्या

मांजर्ली, बदलापूर

चि. अस्मितास,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

मामीला गुडघ्यांसाठी दिलेल्या गोळ्या नुसत्या साखरेच्या आहेत, हे तू फक्त माझ्या कानात सांगितलंस. इकडे मामी विहाराच्या पायऱ्या कठडा न धरता चढते. "भाची डॉक्टर असावी तर अशी!" म्हणत सोसायटीभर मिरवते.

आता तू म्हणतेस, "मामा, रविवारी तिला खरं सांगूया. सांगूनही कधीकधी गुण टिकतो." बाई गं, आणि नाही टिकला तर? ती पुन्हा खाटेला खिळली तर?

न सांगावं, तर मी कोण? बारवी धरणाकडच्या आदिवासी पाड्यांवर भगताच्या अंगाऱ्याविरुद्ध जन्मभर घसा कोरडा केलेला माणूस. 'विचारल्याशिवाय काही गिळू नका,' हे माझंच सांगणं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्यात आज सकाळी माझी कंबर धरली. मामीने एक गोळी माझ्याही हातावर ठेवली. "घ्या, उगाच कण्हू नका. आपल्या पोरीचं औषध आहे." ठाऊक असूनही मी ती गिळली. मग उठून चहा टाकला. कप तिच्यापुढे ठेवायला वाकलो, तेव्हा ध्यानात आलं की कंबर दुखतच नाही.

हे पत्र काही मी टाकत नाही, तू हसशील. पण रविवारी तू येशीलच. तिला सांगायचंच आहे. फक्त आधी तुझ्या गोळीचं सांगू की माझ्या कमरेचं, तेवढं कळत नाही.

तुझा चक्रावलेला,
भीमराव मामा