झाडलेला रस्ता

मंगळवार, संध्याकाळ. दवाखाना.

मान दुखून राहिली, तरी लिहितो. आसगावजवळ रस्त्यावर वाळत घातलेल्या धानावर गणपतभाऊची गाडी घसरली अन् बाभळीवर आदळली. गाडी शेठची, भाऊ नुसता ड्रायव्हर, मी क्लीनर. आधी रस्त्यावरच्या धानाचा फोटो काढायचा, एवढं मलाही माहीत होतं. पण धानवाली काकू रडायला लागली, "बापू, पोतं भरू लाग ना रे, सारा धान मातीत जाऊन राहिला!" मी झाडू घेतला. हवालदार आला तेव्हा रस्ता साफ.

"कुठी हाये धान? डोळा लागला असन तुहा."

"तूच सांग ना बे, धानावरच घसरली ना गाडी?" भाऊ मला म्हणाला.

काकू हात जोडून उभी. मी झाडू पाठीमागे लपवला. झाडू काहून घेतला मी? भाऊची नोकरी जाईल. उद्या ठाण्यात खरं सांगतो. भाऊला आत्ताच सांगितलं असतं, बाजूच्या खाटेवर जागाच आहे तो, पण भिंतीकडे तोंड करून पडला आहे.