पुढे आलेला तळहात

सौ. अंजनी हिस प्रेमपूर्वक निवेदन,

तू देवळातून परत येईपर्यंत माझी बस निघालेली असेल, म्हणून हे लिहून ठेवीत आहे. दूध तापविले आहे.

विद्यापीठात आम्हा माळ्यांसाठी तंबाखू सोडविण्याचे मार्गदर्शन सुरू आहे, हे तुला ज्ञात आहेच. विकत घेणे मी सोडले. दुसऱ्याने मळून दिलेली मात्र सुटत नाही. काल समुपदेशक यशश्रीदीदींनी तळहातावर बडीशेप घेऊन माझ्यापुढे धरली. "भैया, ही तंबाखू समजा. चलो, नाही म्हणून दाखवा." परंतु पुढे आलेल्या तळहाताचा अपमान आम्हा मंडळींत कोणी करीत नाही. मी चिमूट उचलली आणि सवयीने ओठाखाली दाबली! सर्व हसले. दीदींनी विचारले, "तुमच्या घरी कोणी सोडली आहे का?"

त्या क्षणी तुझी मूर्ती डोळ्यांसमोर उभी राहिली. प्रणाली पोटात असताना तू दातांना तंबाखूचा गुडाखू घासणे सोडलेस. आईने डबी पुढे केली, तेव्हा तिच्या पाया पडून तू म्हणालीस, "काहून आग्रह करून राहिल्या जी आई? मी आता नाही घेत." आई रागावली नाही, डबी तिनेच मिटली. केवढे ते धैर्य, आणि किती गोड! मला ते अद्याप साधलेले नाही.

आज घरचे माणूस आणावयास सांगितले आहे. दुपारच्या बसने अवश्य ये, आणि मला शिकव. मंडळी आत गेली तरी मी तुझ्यासाठी फाटकापाशीच उभा राहीन.

तुझा,
पुंडलिक