अर्धी दाढी आणि बोटीवरची बक्षिसी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. कंबरेला पट्टा आहे, आणि डॉक्टरने बुटाच्या नाडीसाठीसुद्धा वाकायला बंदी केली आहे.) तुझ्या खुब्याचं हाड कसं आहे? भाची फोनवर म्हणाली की काठी टेकत स्वयंपाकघरापर्यंत जातेस आणि तिथे पोचल्यावर सगळ्यांच्या चुका काढतेस. तेव्हा प्रकृती सुधारते आहे असं मी धरून चाललो आहे. इकडे आम्ही बरे. मुलानं दुकानातल्या तिन्ही खुर्च्यांना नवं रेक्झिन लावलं. रंग विचारू नकोस. गिऱ्हाइकं बसण्याआधी एकदा माझ्याकडे बघतात, एवढंच सांगतो.

दादाला पोचवायला तुला येता आलं नाही याचं मनाला लावून घेऊ नकोस. फोनवर तू तीनदा विचारलंस की दादा गेला कसा, आणि तीनही वेळा मी म्हणालो, झोपेत. पुतणीलाही तेच सांगितलं. बिचारीनं बापाच्या पंचाहत्तरीला हौसेनं आम्हा दोघा भावांची क्रूझची तिकिटं काढली होती, तिला आणखी काय सांगणार? पण ताई, दादा झोपेत गेला नाही. तो दाढी करताना गेला, आणि दाढी अर्धीच झाली होती. आता सगळं पहिल्यापासून सांगतो. काठी बाजूला ठेव आणि टेकून बस.

बोट म्हणजे बारा मजली इमारत, फक्त हलणारी. आमची केबिन मात्र एवढी की माझ्या दुकानातल्या दोन खुर्च्यांमध्ये जास्त अंतर आहे. न्हाणीघरात शिरण्याआधीच तोंड कुठल्या दिशेला करायचं ते ठरवावं लागे, आत गेल्यावर विचार बदलता येत नसे. पन्नास वर्षांनी आम्ही दोघे एका खोलीत झोपत होतो. पहिले दोन दिवस बरे गेले. रोज सकाळी दाराखालून बोटीच्या कार्यक्रमांचा कागद यायचा, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दादा लाल पेनानं दुरुस्त करायचा आणि तो कागद रिसेप्शनवर नेऊन द्यायचा. (मुख्याध्यापक निवृत्त होतो, लाल पेन होत नाही.)

तिसऱ्या दिवशी त्याच दाराखालून दुसरा कागद आला आणि आमचे ग्रह फिरले. त्यात लिहिलं होतं की नोकरवर्गाच्या बक्षिसीपोटी दर माणशी दररोज अमुक रक्कम आपल्या बिलात आपोआप धरली जाईल. मला कुठल्याही पैशाचा अंदाज दाढीतच येतो, तर ती रक्कम साधारण दीड दाढी होती. जास्त नव्हे. पण खाली मुंगीच्या अक्षरात होतं की प्रवाशाची इच्छा असल्यास ही रक्कम कमी किंवा रद्द करता येईल. मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं दादाच्या नजरेतून कधी सुटलंय? चाळीस मिनिटं रांगेत उभा राहिला, आम्हा दोघांची बक्षिसी रद्द करून आला, आणि कॉपी करणारं पोर पकडल्यासारखा चेहरा करून पलंगावर बसला. म्हणाला, हे लोक पगार घेतात ना? मला कधी कुठल्या पालकानं निघताना हातावर काही ठेवलं?

त्रेचाळीस वर्षं मी या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिलोय. गिऱ्हाईक आरशात स्वतःकडे बघतं, हात खिशाकडे जातो, आणि आपण मुद्दाम दुसरीकडे बघत त्याची मान गरजेपेक्षा जरा जास्त वेळ झटकत राहतो. काही पडलं तर बरं, नाही पडलं तर मान तरी स्वच्छ झाली. हे त्याला कसं समजावणार? आणि समजावायला लागलो तर कुठवर जाईन याचीही भीती होती.

आमच्या केबिनची झाडलोट करणारा माणूस पस्तिशीचा असेल. दिवसातून दोनदा यायचा, आणि जाताना टॉवेल दुमडून त्याचा एखादा प्राणी करून ठेवायचा. पहिल्या दिवशी हंस, दुसऱ्या दिवशी ससा. तिसऱ्या दिवशी त्यानं हँगरला एक माकड टांगलं आणि टेबलावरचा दादाचा चष्मा त्याच्या नाकावर ठेवला. ताई, मी खोकला येईपर्यंत हसलो. दादा हसला नाही. (ते माकड हुबेहूब दादासारखं दिसत होतं, आणि हे दादाच्याही लक्षात आलं होतं, ही खरी अडचण.) चौथ्या दिवशी त्यानं अभिप्रायाचा फॉर्म मागवला आणि त्यावर लिहिलं, "वयस्क प्रवाशाच्या चष्म्याचा मर्कटासाठी वापर. गंभीर दखल घ्यावी." खाली सही, तारीख, केबिनचा नंबर. मी म्हटलं, जाऊ दे रे दादा. पण फार जोर लावून नाही म्हटलं. सुट्टीत कोण भांडत बसेल?

पाचव्या दिवशी दुपारी जेवायला आमच्या टेबलावर दातांचे एक डॉक्टर आणि त्यांची बायको होती. डॉक्टरांनी सहज विचारलं, तुम्ही बक्षिसी किती देताय? दादा म्हणाला, एक पैसा नाही. एवढ्यावर थांबला असता तर हे पत्र दोन ओळींचं झालं असतं. पण वेटर शेजारी उभा राहून सूप वाढत असतानाच त्यानं वर्गात शिकवावं तसं सांगितलं की बक्षिसी म्हणजे गणवेशातली भीक. मी वेटरच्या हाताकडे बघत होतो. पळी जरासुद्धा हलली नाही. त्यानं दादाला नीट काठापर्यंत सूप वाढलं आणि वर ब्रेड हवाय का विचारलं. ती सवय असते, ताई. मला ती सवय ठाऊक आहे. आणि तिथे माझं डोकं फिरलं.

मी म्हटलं, "दादा, तुझी कॉलेजची फी त्याच भिकेतून भरलीय. बाबांच्या आरशाखालच्या डब्यातून. तू मास्तर झालास तो गिऱ्हाइकांनी टाकलेल्या चिल्लरीवर."

हो, बोललो. बाबांनी त्याला जन्मभर ते पतपेढीचं कर्ज होतं असं सांगितलं. तो डबा आपण दोघं दर शनिवारी रिकामा करायचो आणि बाबांच्या गळ्याची शपथ घेतली होती की दादाला कळू द्यायचं नाही, त्याचं मन अभ्यासातून उडेल. साठ वर्षं पाळलेली शपथ मी सुपाच्या वाडग्यावर मोडली, तीही परक्या दातांच्या डॉक्टरसमोर.

दादानं चमचा खाली ठेवला. रुमालाची चार पदरी घडी केली. रागावला नाही. फक्त म्हणाला, "हे मला कुणी सांगितलं का नाही?" तो उठून गेला. मी गोड येईपर्यंत बसून राहिलो, आणि गोड दोनदा घेतलं. हे मुद्दाम लिहितोय. मी त्याच्या मागे गेलो नाही हे तुला कळायला हवं.

त्या संध्याकाळी कप्तानाबरोबर फोटो काढायचा कार्यक्रम होता, म्हणून दादा दाढी करायला उभा राहिला असावा. तीनच्या सुमारास केबिनवाला टॉवेल बदलायला आला तर नळ नुसता वाहतोय आणि दादा न्हाणीघराच्या दारात पडलेला. नर्स पोचेपर्यंत अकरा मिनिटं त्या माणसानं एकट्यानं दादाची छाती दाबली. मी तेव्हा वर डेकवर संगीत खुर्ची बघत होतो. लाऊडस्पीकरवर माझ्या नावाचा पुकारा झाला तेव्हा मला वाटलं काहीतरी बक्षीस लागलं. हसत हसत खाली गेलो, ताई.

पुढचं बंदर दोन दिवसांवर होतं. तळमजल्यावर, धान्याच्या कोठारापलीकडे, एक थंड खोली असते. तीन खण. नर्स हळू आवाजात म्हणाली की बहुतेक वेळा तीन पुरतात. खण ओढला तर दादाचा डावा गाल गुळगुळीत आणि उजव्यावर साबणाचा फेस वाळून पापुद्रा झालेला. अशा अवस्थेत मी गिऱ्हाइकाला पावसातसुद्धा बाहेर सोडलं नसतं. नर्स म्हणाली, नियमात बसत नाही. केबिनवाला तिला जरा बाजूला घेऊन काहीतरी बोलला, आणि थर्मासमधून गरम पाणी आणि चार टॉवेल घेऊन आला. माझा वस्तरा बोटीवर चढतानाच काढून घेतला होता, म्हणून दादाचंच साधं रेझर वापरलं. केबिनवाल्यानं दोन्ही हातांनी दादाचं डोकं धरलं. थंड कातडी ताणली जात नाही, त्यामुळे अगदी छोटे हात मारावे लागतात. अर्धा तास लागला. मास्तर झाल्यापासून दादानं कधी माझ्याकडून दाढी करून घेतली नव्हती. सख्ख्या भावाला पैसे द्यावेत की देऊ नयेत, दोन्ही अवघड, म्हणून तो येत नसेल. मी मात्र चाळीस वर्षं समजत होतो की त्याला दुकानाची लाज वाटते. काम संपल्यावर सवयीनं मी टॉवेल घेऊन त्याची मान झटकली. मग आणखी झटकत राहिलो. केबिनवाला शेवटी हळूच म्हणाला, "झालं, साहेब."

आता या कामाची बक्षिसी किती? बक्षिसीच्या कागदात केबिनवाला, वेटर, मुख्य वेटर, सामान उचलणारा, सगळ्यांचे दर आहेत. या कामाचा नाही. दातांच्या डॉक्टरांना विचारलं, ते सवयीनं म्हणाले दहा टक्के, आणि कशाच्या हे आठवेना म्हणून रडायला लागले. (माणूस वाईट नाही.) मी रिसेप्शनवर जाऊन दोघांची रद्द केलेली बक्षिसी पुन्हा लावायला सांगितली. तिथल्या मुलीनं विचारलं की दुसऱ्या प्रवाशाची कितव्या दिवसापर्यंत? तिच्या कॉम्प्युटरला कारण हवं होतं, आणि कारणं चारच होती: आजार, गैरसोय, असमाधान, इतर. दादा 'इतर'मध्ये गेला. मी सातही दिवसांची भरली. ती थंड खोली कुणीतरी पुसतच असणार ना.

शेवटच्या सकाळी दादाच्या पाकिटातले आणि माझे सगळे सुटे मिळून दोनशे दाढ्या होतील एवढे पैसे केबिनवाल्याच्या हातात दिले. त्यानं माझ्यासमोर मोजले. मला ते आवडलं, मीही समोरच मोजतो. मग म्हणाला, "साहेब, पैसे पोचले. एक विचारू? तुमच्या भावांची तक्रार होती, ती मागे घ्यायची राहिली."

त्याचा करार पुढच्या महिन्यात संपणार होता. पाचव्या दिवशी सकाळीच साहेबानं त्याला बोलावून दादाचा फॉर्म वाचून दाखवला होता आणि सांगितलं होतं की आता करार वाढणं कठीण. घरी दोन मुली आणि आंधळी आई. हे सगळं त्यानं गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं. मी विचारलं, म्हणजे तीन वाजता आत आलास तेव्हा तुला ठाऊक होतं? म्हणाला, "होतं की. पण ते पडले होते ना."

मी तिथल्या तिथे त्याच्या साहेबाकडे गेलो. दोन्ही बाजू भरून फॉर्म लिहिला. साहेब फार सभ्य. म्हणाला, तुमचं कौतुक तुमच्या नावावर जमा होईल, पण तक्रार फक्त तक्रारदारालाच मागे घेता येते, लेखी, सहीनिशी, त्या दुःखद घटनेआधी लिहिलेलं पत्र असलं तरी चालेल, साठ दिवसांत पोचलं पाहिजे. मी म्हटलं, तक्रारदार खाली खणात आहे. तो म्हणाला, मला फार वाईट वाटतं. आणि मला वाटतं, त्याला खरंच वाटत होतं.

बोटीवरचे डॉक्टर म्हणतात दादाचं हृदय आधीपासूनच थकलेलं होतं. डॉक्टरांना जेवणाच्या टेबलावरचं ठाऊक नाही. ते आता आपल्या माणसांत फक्त तुला ठाऊक आहे. काय शिव्या द्यायच्या त्या कागदावर दे, फोनवर भाची ऐकते. हाडाला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. सोबत कोरा कागद आहे, वर बोटीचं चित्र असलेला. दादाच्या टेबलावरून मी असे दोन उचलले, दुसरा माझ्याकडे आहे, म्हणजे एक बिघडला तरी चालेल. दादाचा हात दुखायचा तेव्हा शाळेचे दाखले तूच त्याच्या अक्षरात लिहायचीस, सहीसकट, आणि एकदाही कुणाला संशय आला नाही. तारीख पाचव्या दिवसाची, म्हणजे दादा गेला त्याच दिवसाची घाल. मर्कटाबद्दलची तक्रार मागे घेत आहे, आणि सेवेबद्दल एक शब्द, एवढाच मजकूर. आज चौतिसावा दिवस आहे, तेव्हा खुबा बरा होईपर्यंत थांबू नकोस, पडल्यापडल्या लिही.

ता. ता. क. हे पाप आहे, माहीत आहे. माझ्या नावावर मांड. फक्त लिहिताना भावनेच्या भरात 'उत्तम सेवा' लिहू नकोस, ताई. 'समाधानकारक' लिही. दादानं जन्मात कुणाला 'उत्तम' म्हटलेलं नाही, आपल्यालासुद्धा नाही.